हिरवी तार कुठे जोडायची

वस्तूबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक जी माणसं कपाटात कुलूप लावून ठेवतात, त्यांच्याबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. तुमच्या आईने मागच्या फोनवर सांगितलं की तुम्ही दोघं शाळेसाठी वॉकीटॉकी जोडताय आणि सूचनांचा कागद पहिल्याच दिवशी हरवलात. हरवणं त्यातल्या त्यात बरं. कागद समोर असून न वाचणारी मोठी माणसं मी सुरतेत पाहिली, त्यांची गोष्ट सांगते.

नव्वदच्या दशकात, मोबाईल अजून शेठ लोकांच्याही खिशात पोचला नव्हता तेव्हा, मी गोडादऱ्यातल्या एका धर्मादाय ट्रस्टच्या कचेरीत पत्रव्यवहार सांभाळत असे. माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं, टायपिंग स्वच्छ, आणि फाइलवर फाइल बरोब्बर कडेला कड लावून ठेवायची सवय. ट्रस्टच्या तीन रुग्णवाहिका होत्या. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कोणाचा हात सापडला, नवागामच्या चाळीत कोणा बाईला कळा सुरू झाल्या, कडोदऱ्याच्या हायवेवर ट्रकने कोणाला उडवलं, की आमच्या गाड्या जायच्या. गाड्यांशी बोलायला वायरलेस होता.

गाडीतल्या सेटचा आवाज चार-पाच किलोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणून उंचावर रिपीटर नावाचं यंत्र ठेवतात. ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि ऐकलेलंच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलतं. आमचा रिपीटर कचेरीच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या खोलीत होता. लिफ्ट त्या इमारतीत कधीच आली नाही, खोली मात्र आधी बांधून झाली होती. यावरून तुम्हाला ट्रस्टच्या कारभाराची कल्पना येईल.

तळमजल्यावर वायरलेसच्या टेबलाशी आमचा ऑपरेटर बसायचा. शिरपूरकडचा, चाळिशीचा, नवागामला राहणारा. पंधरा वर्षं लूमवर काढून छाती खराब झालेली. डॉक्टरने सांगितलं होतं की पुन्हा कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. बायको घरी साड्यांना लेस लावायची, दोन मुली शाळेत. बसून करायचं असं काम त्याला अख्ख्या सुरतेत हे एकच मिळालं होतं आणि ते तो उत्तम करायचा. गाडीवाल्यांशी हिंदीत बोलायचा, माझ्याशी अहिराणीत. मी त्याला दर दोन वाक्यांनी सुधारायची. "शे" नाही, "आहे" म्हणा भाऊ. तो हसायचा आणि पुढचं वाक्य पुन्हा "शे" वरच संपवायचा.

गुजराती ट्रस्टमध्ये चिटणीसाला मंत्री म्हणतात. आमच्या मंत्र्यांचा स्वतःचा साड्यांचा कारखाना होता आणि अमेरिकेत साडू होता. एका वर्षी या साडूने ट्रस्टला भेट म्हणून एक पेटी पाठवली. ती होती रिपीटरला बाहेरून जोडायची कंट्रोलर पेटी. रिपीटर आज्ञाधारक असतो पण मठ्ठ. कोणाचं बटण चुकून दाबलेलं राहिलं तर तो दिवसभर बोलत राहील आणि बाकी सगळे गप्प बसतील. कंट्रोलर म्हणजे त्याच्यावर नेमलेला मुकादम. तीन मिनिटांपेक्षा जास्त कोणी बोललं की हा मुकादम रिपीटरचं तोंड बंद करतो. कल्पना चांगली होती. पेटीला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. पेटीबरोबर आलेलं पुस्तक मंत्र्यांनी कपड्यात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. "ओरिजिनल कॉपी छे, बेन," ते मला म्हणाले. जणू मी त्यात भजी बांधणार होते.

जोडणीसाठी त्यांनी आपल्या कारखान्यातले इंजिनियर आणले. इंजिनियर हे त्यांचं शिक्षण नव्हतं, टोपणनाव होतं. पन्नाशीचे गृहस्थ, शर्टाच्या खिशात टेस्टर, पान खाल्लेलं. आयुष्यभर लूमच्या मोटारी जोडलेल्या. मी त्यांना म्हटलं, पुस्तक इंग्रजीत आहे, हवं तर मी वाचून दाखवते.

"मॅडम," ते म्हणाले, "बुक तो सीखनेवालों के लिए होता है."

रिपीटरच्या पाठीतून एक केबल निघत होती, तिच्यात सहा रंगांच्या तारा. पेटीच्या मागे स्क्रूची रांग. इंजिनियर गच्चीवर गेले आणि पाऊण तासात खाली आले. मी विचारलं, सगळं नीट बसलं का. म्हणाले, एक स्क्रू रिकामा राहिला, पण कंपनीवाले एक जादा देतातच.

त्या दिवसापासून आमचा वायरलेस आजारी पडला. प्रत्येक सेटवर एक लाल दिवा असतो. दुसरं कोणी बोलत असेल तर तो पेटतो, आणि पेटला असताना आपण बोलायचं नाही, असा नियम मी स्वतः टाइप करून प्रत्येक गाडीत चिकटवला होता. आता दिवा पेटला तो विझेना. नियम पाळणारे आमचे तिन्ही चालक दिव्याकडे बघत गाडीत बसून राहिले. मधूनच रिपीटर तापून आपणहून बंद पडायचा, अर्ध्या तासाने निवून पुन्हा सुरू व्हायचा, आणि दिवा पुन्हा पेटायचा.

ऑपरेटरने पहिल्याच दुपारी माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं होतं, "बाई, मना सेट बंद शे तरी बी दिवा चालूच शे."

मी त्याला म्हटलं, "माझा सेट. 'मना' नाही." आणि पुन्हा टायपिंगला लागले. माझी त्या दिवसातली कामगिरी एवढीच.

चौथ्या दिवशी नवागामहून एका बाईला आणायचं होतं. आमची गाडी तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर उभी होती आणि चालक लाल दिवा विझायची वाट बघत होता. बाईला घरच्यांनी रिक्षात घालून नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण तिचा दीर मुकादम होता आणि त्याला बोलता येत होतं. तो कचेरीत येऊन पाऊण तास बोलला. तो गेल्यावर कोणाचा तरी दोष असणं भागच होतं.

मंत्र्यांचं तर्कशास्त्र मी तुम्हाला जसंच्या तसं देते. पेटी अमेरिकेची आहे, म्हणून तिच्यात चूक नाही. जोडणी इंजिनियरने केली, म्हणून तिच्यात चूक नाही. दिवा पेटलेला आहे म्हणजे कोणीतरी बटण दाबून ठेवलं आहे. दिवसभर बटण कोणाच्या हाताशी असतं? ऑपरेटरच्या.

इंजिनियरनी त्यात भर घातली. "माइक के बटन पे कोहनी रख के सोता है. मैंने देखा है."

"क्यारे जोयुं?" मंत्र्यांनी विचारलं. कधी पाहिलंस?

"देखा मतलब, अंदाज़ से देखा."

अंदाजाने पाहिलेल्या त्या पुराव्यावर ऑपरेटरला नोटीस काढायचं ठरलं. कामावर झोपणं, संस्थेच्या यंत्राचा गैरवापर, तीन दिवसांत लेखी खुलासा, नाहीतर शुक्रवारच्या सभेत नोकरी संपली असं समजावं. मंत्री गुजरातीत सांगत गेले, मी इंग्रजीत टाइप करत गेले. एकही स्पेलिंग चुकलं नाही. मार्जिन दोन्हीकडे सारखा. पत्र इतकं नीटनेटकं झालं की मला बरं वाटलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटर तेच पत्र घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, ह्या पत्रमा काय लिखेल शे?"

मी टाइप केलेलं पत्र मलाच त्याला वाचून दाखवायचं होतं. मी वाचलं. इंग्रजीत जे दोन ओळींत बसलं होतं ते मराठीत सांगताना फार लांबलं, आणि "झोपणं" हा शब्द आला तेव्हा मी कागदावरून डोळे वर केले नाहीत. तो भिंतीला हात टेकून उभा होता. श्वास लागला की तो असाच उभा राहायचा.

"आनि हाई कोन्ही लिखं?" त्याने विचारलं.

"मंत्रीसाहेबांची सही आहे."

"सही दिसस माले. लिखं कोन्ही?"

"मी," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातातलं पत्र घेऊन घडी घातली. मग म्हणाला, "तुम्हले सांगेल होतं मी. पहिलाच दिनले. मी खोटं नही बोलस, बाई."

आणि मग तो मला त्याच्या टेबलाशी घेऊन गेला. त्याने सेट बंद केला. मग पाठीमागची वायर काढली. मग माइकचा प्लगही काढून माझ्या हातात दिला, कोपर ठेवायला काही उरू नये म्हणून. खिडकीत ठेवलेल्या हातातल्या छोट्या सेटवर लाल दिवा पेटलेलाच होता. एवढी सोपी परीक्षा. चार दिवसांत मंत्र्यांना सुचली नाही, इंजिनियरना सुचली नाही, आणि इंग्रजी शिकलेल्या बाईंना तर ती ऐकूही आली नव्हती, कारण ती चुकीच्या मराठीत सांगितली गेली होती.

मी सरळ मंत्र्यांच्या खोलीत गेले आणि पुस्तक मागितलं.

"शुं काम छे?"

"वाचायचं आहे."

त्यांनी असं पाहिलं जसं मी ते उकळून प्यायला मागत होते. किल्ली काढली, कपडा सोडला, पुस्तक दोन्ही हातांनी दिलं. "पान वाळता नहीं, बेन." पान दुमडू नका. त्या पुस्तकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. मी पट्टीने ती सोडवली आणि तिथेच त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून वाचायला लागले.

सातव्या पानावर तारांच्या रंगांचा तक्ता होता. त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या रंगांचा घरातल्या विजेच्या तारांच्या रंगांशी काहीही संबंध नाही. हिरव्या तारेसमोर जे होतं ते मी दोनदा वाचलं आणि हसू आवरून धरलं.

तुम्ही सेटचं बटण दाबता तेव्हा आत फक्त एवढंच होतं की एक तार यंत्राच्या लोखंडी अंगाला टेकते, म्हणजे अर्थ होते, आपल्या घरच्या अर्थिंगसारखी. टेकली की यंत्र बोलायला लागतं, सुटली की गप्प होतं. रिपीटरची ही बोलायची तार हिरव्या रंगाची होती. तिला पेटीच्या ठरलेल्या स्क्रूला जोडायचं, म्हणजे कधी टेकवायची आणि कधी सोडायची हे पेटी ठरवते. आणि सुरतेच्या कुठल्याही लूमच्या कारखान्यात हिरवी तार म्हणजे अर्थ. मोटारीची हिरवी तार लोखंडी पट्टीला घट्ट आवळायची, हे इंजिनियरच्या बोटांना झोपेतही येत असणार. त्यांनी तेच केलं होतं. रिपीटरचं बटण त्यांनी नटबोल्टने कायमचं दाबून ठेवलं होतं. पेटीतला मुकादम तीन मिनिटांनी ओरडत असेल, पण त्याचा हात ज्या स्क्रूवर होता तो रिकामा होता.

इंजिनियरना बोलावून घेतलं. आम्ही तिघं गच्चीवर निघालो. ऑपरेटर प्रत्येक मजल्यावर थांबत होता आणि इंजिनियर प्रत्येक मजल्यावर म्हणत होते, "इसको ऊपर क्या काम है?"

"पत्र त्यांना आलंय," मी म्हटलं.

लिफ्टच्या खोलीत भट्टीसारखं गरम होतं. मी सातवं पान उघडून हिंदीत सांगितलं. इंजिनियरनी पान पाहिलंही नाही.

"हरा माने अर्थ. पूरी दुनिया में. अमेरिका में भी."

"घराच्या वायरिंगमध्ये. इथे नाही. इथे लिहिलंय."

"तो लिखनेवाले को वायरिंग नहीं आता."

"ज्यांनी पेटी बनवली त्यांना वायरिंग येत नाही?"

"बनाना अलग, वायरिंग अलग."

मी म्हटलं, ती तार फक्त सोडा आणि दिव्याकडे बघा. ते सोडेनात. हात मागे बांधून उभे राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले की अर्थ काढलेल्या मोटारीला चिकटलेला माणूस त्यांनी एकदा स्वतः ओढून काढला होता, तो वाचला नाही, आणि तेव्हापासून त्यांनी कुठल्याही मशीनचा अर्थ कोणाच्या सांगण्यावरून काढला नाही. त्या सगळ्या प्रकरणात मला त्यांच्याबद्दल आदर वाटला तो हा एकच क्षण. तो फार टिकला नाही, कारण लगेच ते म्हणाले, "औरत के बोलने से तो बिलकुल नहीं."

ऑपरेटरने त्यांच्या खिशातला टेस्टर काढून घेतला. यंत्राला हात लावायची त्याला सक्त मनाई होती, आणि नोटिशीत गैरवापराचं कलम आधीच होतं. तो खाली बसला, धापा टाकत, आणि हिरव्या तारेचा स्क्रू सैल केला. रिपीटरवरचा दिवा विझला. माझ्या हातातल्या सेटवरचाही विझला. खोलीत पंख्याची घरघर होती तेवढीच राहिली.

"वोल्टेज कम था," इंजिनियर म्हणाले. "अब ठीक हो गया."

ऑपरेटरने तार रिकाम्या स्क्रूला लावली. मी खाली जाऊन सेट आणि माइक पुन्हा जोडला आणि बटण दाबून बसले, घड्याळ समोर ठेवून. तीन मिनिटं झाली आणि पेटीने माझं तोंड बंद केलं. यंत्राने मला गप्प केल्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

तुम्हाला वाटेल की गोष्ट इथे संपली. मंत्र्यांनाही तसंच वाटलं. "पती गयुं ने, बेन," ते म्हणाले. झालं ना सगळं. मी नोटिशीचं विचारलं. ते म्हणाले, "एने कही दो, माफ कर्युं."

आता माझं ऐका. मी तेच उतरवून काढलं. शुक्रवारच्या आत कागद फाइलला लागावा एवढीच माझी घाई होती. झालेल्या प्रकाराबद्दल आपणास माफ करण्यात येत आहे, नोकरी पूर्ववत राहील. या वेळी मराठीत हाताने लिहिलं, मोत्यासारख्या अक्षरात, आणि स्वतःवर खूष होऊन त्याला नेऊन दिलं. त्याने एकेक अक्षर जोडत वाचलं आणि कागद परत केला.

"माफ कसाले?" तो म्हणाला.

"म्हणजे आता नोटीस रद्द झाली. नोकरी राहिली."

"ते समजनं. माफ कसाले? मी झोपेल नव्हतू."

"भाऊ, नोकरी राहिली ना. शब्दाचं काय घेऊन बसलात?"

"शब्दनंच घी बसेल शे," तो म्हणाला. "उद्या परत दिवा पेटना, तर हाई कागद दखाडतीन. म्हनतीन, एक डाव माफ करेल शे याले. मंग मी कोठे जाऊ? कारखानामा?"

माझ्या एवढ्या वर्षांच्या पत्रव्यवहाराच्या अनुभवाला ही गोष्ट सुचली नव्हती. तो बरोबर होता, पूर्ण बरोबर होता. मी कागद फाडला आणि नवा लिहिला. तीनच वाक्यं. आपल्याकडून कोणतीही चूक झालेली नव्हती. बिघाड जोडणीचा होता. दिलेली नोटीस मागे घेण्यात येत आहे.

मंत्री सही करेनात. त्यांचं म्हणणं, बिघाड जोडणीचा असं लिहिलं तर इंजिनियरचं नाव जाईल, आणि इंजिनियर त्यांनी आणलेला. मी म्हटलं, मग शुक्रवारच्या इतिवृत्तात मी सगळं लिहिते. हिरवी तार, रिकामा स्क्रू आणि कुलूपबंद पुस्तक. त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण लावलं, काढलं. शेवटी सौदा झाला. पत्रातलं मधलं वाक्य गेलं, इतिवृत्तातलं सगळं गेलं, आणि "चूक झालेली नव्हती" हे राहिलं. त्यांनी सही केली. म्हणजे आमच्या दप्तरात आजही कुठेच सापडणार नाही की चूक होती कोणाची. यावर मी सही घेतली, ही माझी बाजू. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

ऑपरेटरने या वेळी कागद वाचला आणि मान हलवली. पण खिशात घातला नाही. नोटीस निघाल्यापासून तिन्ही गाडीवाल्यांना हेच माहीत होतं, की ऑपरेटर बटणावर कोपर ठेवून झोपतो. त्याच्यावर त्यांनी गमती केल्या होत्या. एकाने त्याच्या टेबलावर उशी आणून ठेवली होती.

"बाई," त्याने कागद माझ्याकडे धरला, "हाई सेटवर वाचा."

वायरलेसवर खासगी काही बोलायचं नाही, हा नियमही माझाच होता, आणि मी तो फार कडक पाळून घेत असे. मी त्याच्या खुर्चीत बसले. तो बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. दिवा विझलेला होता. मी बटण दाबलं, सगळ्या गाड्यांना ऐकायला सांगितलं आणि पत्र वाचलं, आधी मराठीत, मग हिंदीत. "कोई गलती नहीं थी." बटण सोडलं.

गोडादऱ्याच्या गाडीने "ठीक है" म्हटलं. नवागामची गाडी थोडी थांबून म्हणाली, "सुना, मॅडम. तकिया मैंने रखा था." कडोदऱ्याच्या गाडीचा आवाज खरखरत आला, मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

"मॅडम, कट गया. फिर से बोलो."

मी ऑपरेटरकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. मी पुन्हा बटण दाबलं आणि पहिल्या शब्दापासून सगळं पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश.